भावासाठी काम हवंय, ‘वेळ जावा म्हणून’ नको (नागपूर)

रानजाई
नमस्कार. या मंडळावर पाच-सहा वर्षं नुसतीच वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, बी.कॉम. तेविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया निघाला. मधली वर्षं कशी गेली ते इथं लिहीत नाही. गेली तीन वर्षं गोळ्या नियमित, तब्येत स्थिर. आईला भाजी आणून देतो, स्वतःचे कपडे धुतो, पेपर पहिल्या पानापासून टेंडर नोटिशीपर्यंत वाचतो. आम्ही मानेवाड्याकडे राहतो.

अडचण कामाची. एका नातेवाइकाच्या दुकानात बसवला होता. “बस इथं, तेवढाच वेळ जाईल.” चार महिने बसला. एक दिवस घरी येऊन म्हणाला, “ताई, मी नाही गेलो तर त्यांचा एक स्टूल मोकळा होतो.” दुसऱ्या दिवसापासून गेला नाही आणि जा म्हणायची माझीही हिंमत झाली नाही.

मग एका कार्यशाळेत घेऊन गेले. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, मेणबत्त्या. माणसं फार मायाळू होती. यानं पाच पणत्या रंगवल्या आणि विचारलं, “या कोण विकत घेतं?” तिथल्या बाई म्हणाल्या, दिवाळीत लोक मदत म्हणून घेतात. झालं. परत नाव काढलं नाही.

तर प्रश्न असा: नागपुरात अशा माणसाला खरंखुरं काम मिळतं का? पगार कमी चालेल, अर्धा दिवस चालेल. आणि आजाराचं सांगायचं की लपवायचं? अनुभव असतील तर लिहा.

तर्रीबाज
ताई, राग मानू नका. इथं बी.ई. झालेले पोट्टे पाठीवर डिलिव्हरीच्या पिशव्या घेऊन फिरून राहिले. आधी काम, मग अर्थ. मी बारा वर्षांपासून नोकरी करून राहिलो, माझ्या कामात काय अर्थ आहे ते मलाच समजलं नाही अजून.

पेन्शनर_काका
तर्रीबाज, मी सरकारी खात्यात ३४ वर्षं काढली. अर्थ नव्हता, पण खुर्चीवर टॉवेल होता. टॉवेल दिसला की साहेब जागेवर आहेत असं लोक समजायचे. एवढ्यावर घर बांधलं.

झिरो_माईल
काका :D

रानजाई, पहिलं काम म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे. आधीच्या १९९५च्या कायद्यात सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण होतं, ते आता ४ टक्के. मानसिक आजार, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता वगैरे मिळून त्यातला १ टक्का. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. ऑनलाइन अर्ज करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं, तपासणी सरकारी दवाखान्यात. एसटीच्या तिकिटातही सवलत मिळते.

रानजाई
आभार. कार्ड आहे, ४५ टक्के. परीक्षा देण्याची त्याची आता तयारी नाही. तो म्हणतो, तीन तास एका हॉलमध्ये चारशे लोक आणि मागे घड्याळ, हे मला जमणार नाही. मला पटतं.

बुटीबोरी_फेरी
एचआरमध्ये आहे, एमआयडीसीत. आतली गोष्ट सांगते. खासगी कंपनीवर आरक्षणाची सक्ती नाही. वीस किंवा जास्त माणसं असतील तर समान संधीचं धोरण लिहून लावावं लागतं. ते लावलेलं असतं. फ्रेम पण चांगली असते.

मुलाखतीत मधल्या अकरा वर्षांचं काय, हा प्रश्न येणारच. माझा सल्ला: आजाराचं नाव घेऊ नका. ‘घरची जबाबदारी होती’ म्हणा. हे योग्य आहे असं म्हणत नाहीये, पण नाव ऐकलं की फाइल खाली जाते. मीच खाली जाताना पाहिलीय. एकदा तर मीच ठेवलीय.

गोळीनंतरचा_चहा
बुटीबोरी, शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून आभार, पण सल्ल्याशी असहमत.

मी मनोविकाराच्या क्षेत्रात समाजसेवक आहे. (डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं विचारू नका.) लपवून लागलेली नोकरी आमच्याकडच्या बऱ्याच जणांची दोन-तीन महिन्यांत सुटते, कारण लपवणं हेच दुसरं काम होऊन बसतं. डबा खाताना गोळी लपवा, महिन्याच्या तपासणीची सुट्टी कशाला ते लपवा. त्या ताणानंच माणूस गोळी सोडतो आणि मग जे व्हायचं ते होतं. सगळ्या ऑफिसला सांगू नका. एका माणसाला सांगा, ज्याच्या हातात वेळ आणि सुट्टी असते त्याला.

दुसरं, प्रशिक्षणाचं. आपल्याकडे ठरलेली चाल आहे: आधी शिकवा, तयार करा, मग नोकरी पाहू. माणूस दहा वर्षं तयारच होत राहतो. अमेरिकेत १९९०च्या दशकात काही जणांनी हे उलटं केलं. माणसाला हवं ते साधं, पगारी काम आधी शोधायचं आणि तिथंच सोबत राहून शिकवायचं. पुढं बऱ्याच देशांत तुलना झाली. ‘आधी प्रशिक्षण’वाल्यांपेक्षा यातले जास्त लोक कामाला लागले. गोम अशी आहे की मदतनीस मध्येच पळून जाऊन चालत नाही. नोकरी लागल्यावरच त्याचं खरं काम सुरू होतं. आमच्याकडे एका मदतनिसाला साठ-सत्तर माणसं असतात, म्हणजे तो नसल्यातच जमा.

तिसरं, फक्त नागपूरकरांसाठी. उन्हाचं काम घेऊ नका. या आजारावरच्या बऱ्याच औषधांनी शरीराला उष्णता सोसणं जड जातं. आपल्या मे महिन्यात पारा ४५च्या वर. डिलिव्हरी, सेल्समन, साइटवरचा सुपरवायझर, सगळं बाद. सकाळी आठची शिफ्टही नको, रात्रीच्या गोळीची गुंगी दहापर्यंत असते. अकरानंतर, छताखाली, एकाच जागी.

तर्रीबाज
अकरानंतर, छताखाली, एकाच जागी. हे तर काकांचं खातं झालं.

पेन्शनर_काका
टॉवेल पाठवतो.

कोष्ट्याचा_पोरगा
रानजाई, तुमच्या भावाचं स्टूलचं वाक्य वाचून थांबलो.

माझे बाबा मिलमध्ये होते. कोणती ते लिहीत नाही, नागपूरकरांना दोन-तीन नावं सुचतीलच. विव्हिंगमध्ये. आवाजावरून कोणत्या लूमचा धागा तुटणार ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती. मिल बंद पडली तेव्हा ते पन्नाशीत होते. पैसे थोडेफार मिळाले, आम्ही भाऊ कमावते झालो होतो, उपासमार नव्हती. पण त्यानंतर वर्षभर हा माणूस रोज सकाळी आईकडून डबा भरून घ्यायचा, सायकल काढायचा आणि गांधीसागरच्या काठावर जाऊन बसायचा. दुपारी डबा खायचा. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी. आम्हाला वाटायचं काम शोधतात. एकदा काकानं पाहिलं तेव्हा कळलं.

नंतर वॉचमनची नोकरी मिळाली एका अपार्टमेंटमध्ये. तिथं त्यांचं मन लागलं, पण गेट उघडण्यात नाही. पाण्याची मोटर कधी लावायची, कोणत्या विंगला किती वेळ, हे त्यांनी स्वतःहून हातात घेतलं. आजारी पडले की चौथ्या मजल्यावर पाणी चढत नसे आणि लोक घरी विचारायला येत. बाबा तापात सुद्धा खूश.

आपल्या भाषेत ‘माझ्यावाचून कुणाचं अडत नाही’ हे अध्यात्म म्हणून सांगतात. नोकरी गेलेल्या माणसाला ते सांगू नये.

झिरो_माईल
कोष्टीबुवा, काय लिहिलंय.

अवांतर: एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली, जमशेटजी टाटांची. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, त्यावरून नाव. शेवटी सरकारी महामंडळाकडे होती, २००२ला बंद. आता त्या जागेवर मॉल आहे. तिथं येणाऱ्या पोरांना विचारा ‘एम्प्रेस’ म्हणजे काय, म्हणतील पार्किंग.

मुळामुठा
पुण्याहून. काम शोधण्यापेक्षा चालू कामाला मान मिळवून देणं हाही रस्ता आहे. इथं कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ बांधली. ओळखपत्रं मिळवली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, जी महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. बाई तीच, कचरा तोच. पण उकिरड्यावरून दारावर आली आणि दर महिन्याला हक्कानं पैसे मागू लागली. नागपुरात असं काही आहे का?

मिसेस_हिंगणा
भांडेवाडीच्या डम्पिंगवर वेचणारी कुटुंबं आहेत, बरीच. तुमच्यासारखी संघटना माझ्या पाहण्यात नाही. आणि पुण्याचं उदाहरण प्रत्येक धाग्यावर येतं, हेही नमूद करते. :)

माझं सांगते. वय ४६, एम.एस्सी. सासूबाईंचा पक्षाघात, त्यात नऊ वर्षं गेली. त्या गेल्यावर नोकरी शोधायला निघाले, तर सगळीकडे ‘मॅडम, गॅप फार आहे.’ नऊ वर्षांत एका माणसाला एकही बेडसोर होऊ दिला नाही, हे बायोडेटात कुठं लिहायचं? शेवटी शिकवण्या घेते. माझा प्रश्न रानजाईंच्या भावाइतका गंभीर नाही, पण रांग तीच आहे.

निळी_खिडकी
रांगेत मी पण. तृतीयपंथी आहे. २०१९चा कायदा, ऑनलाइन प्रमाणपत्र, ओळखपत्र, सगळं आहे माझ्याकडे. प्रशिक्षणही झालं. ओळखा कशाचं? ब्यूटी पार्लर. माझ्या ओळखीच्या सहाही जणींना पार्लर. मी टॅली शिकलेली आहे आणि मला भुवयांचा दोरा धरता येत नाही. पणत्यांचं वाचून हसू आलं. दिव्यांगांना पणत्या, आम्हाला पार्लर, विधवांना पापड. कुणीतरी एकदा बसून वाटून टाकलंय.

एका ऑफिसात लागलेही होते, अकाउंट्सला. सुटले ते कामावरून नाही. संडास कोणता वापरायचा यावर तीन मीटिंगा झाल्या, चौथीला मी गेले नाही.

तर्रीबाज
निळी_खिडकी, सॉरी. वर मी जे ‘आधी काम, मग अर्थ’ म्हटलं ते फार सोपं करून बोललो.

तहसीलच्या_पायऱ्या
एक भोक कुणी दाखवलं नाही. संजय गांधी निराधार योजनेची पेन्शन. महिन्याला दीड हजार मिळायचे, दिव्यांगांना आता अडीच हजार. पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. महिन्याला चार हजार कमावणारा घरात असला तर पोचलाच जवळ. आता सांगा, ज्याला आयुष्यात पहिल्यांदा सहा हजारांची नोकरी मिळते, जी टिकेल की नाही माहीत नाही, त्यानं पगाराची स्लिप घ्यायची की पेन्शन राखायची? नोकरी तीन महिन्यांत गेली तर पेन्शन परत सुरू करायला किती चकरा, ते माझं नाव वाचून समजा. लोक नोकरी नाकारतात आणि आपण म्हणतो, आळशी.

गोळीनंतरचा_चहा
हजारदा सहमत. आमच्याकडे पेशंटच्या आया सांगतात, “त्याला कामाला लावा, पण कागदावर नको.” कागदावर नको म्हणजे पीएफ नाही, विमा नाही, आणि मालकानं पैसे बुडवले तर तक्रार नाही.

सातनवरी
माझ्या मामेभावाचं लिहितो. साडेचार वर्षं जेलमध्ये होता, तिथं सुतारकाम शिकला. हात इतका साफ की बस. बाहेर आला तर जो तो पोलीस व्हेरिफिकेशन मागे. आत असताना त्यानं केलेली टेबलं-खुर्च्या सरकारी कचेऱ्यांत गेल्या म्हणे, आणि बाहेर त्याच्या हातचं स्टूल घ्यायला कुणी तयार नाही. शेवटी एका ठेकेदाराकडे निम्म्या रोजीवर. ठेकेदाराला माहीत होतं, हा तोंड उघडणार नाही.

उमरेड_रोड
आनंदवनाचं कुणीच नाव काढलं नाही? नागपूरहून शंभरेक किलोमीटर. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली. ज्यांना कुणी पाणी देत नव्हतं त्यांनी शेती पिकवली, हातमागावर कापड काढलं, सतरंज्या विणल्या. याहून मोठं उदाहरण काय पाहिजे?

मिसेस_हिंगणा
उदाहरण मोठंच आहे, शंका नाही. पण ते जगानं बाहेर काढलेल्यांनी उभं केलेलं वेगळं गाव आहे. रानजाईंचा भाऊ मानेवाड्यात राहतो, आईसोबत. त्याला गाव बदलायचं नाही. इथल्याच बाजारात जागा पाहिजे.

मुळामुठा
रानजाई, एक विचारू का? भावाला हा धागा माहीत आहे का? त्याच्याबद्दल चाललंय सगळं.

रानजाई
बरं झालं विचारलंत. लिहिताना नव्हता माहीत. काल रात्री दाखवला. आधी अर्धा तास गप्प. मग म्हणाला, दुरुस्ती कर. पणत्या पाच नव्हत्या, अकरा होत्या, त्यातल्या दोन तडकलेल्या. आणि झिरो_माईल यांनी अमुक वाजता लिहिलं त्याच्या आधी तर्रीबाजांच्या प्रतिसादात एक ओळ होती, ती नंतर काढलेली आहे.

तर्रीबाज
बाप रे. होती. काढली. शिवी नव्हती, फक्त जोक खराब होता.

गांधीबागवाला
मी इथं फक्त क्रिकेटचे धागे वाचतो. पण अकरा पणत्यांचं वाचून लिहून राहिलो.

माझं औषधांचं होलसेल आहे. आमच्या धंद्यात एक नरक असतो, त्याचं नाव एक्सपायरी. रिटेलवाले मुदत संपलेला माल थैल्या भरभरून परत आणून टाकतात. तो कंपनीवार लावायचा, प्रत्येक स्ट्रिपचा बॅच नंबर अन् तारीख पाहायची, यादी करायची, कंपनीकडे क्लेम पाठवायचा, तेव्हा क्रेडिट नोट येते. प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी. गेली की पैसे बुडाले. अन् मुदत गेलेली एखादी स्ट्रिप चुकून चांगल्या मालात मिसळली तर काय होईल ते सांगायला नको. माझ्याकडे सात पोरं आहेत, एकही या कामाला हात लावत नाही, कारण त्यात धावपळ नाही, गप्पा नाही, टिप नाही. मागच्या खोलीत थैल्यांचा डोंगर आहे. दर वर्षी किती पैसे सोडतो ते बायकोला सांगितलं नाही.

कूलर आहे. अकराला दुकान भरात येते. पाठवा त्याला. महिनाभर पाहू, जमलं तर पगार ठरवू.

बुटीबोरी_फेरी
शेवटचं वाक्य सोडून सगळं छान. महिनाभर फुकट पाहणार? तुमच्या सात पोरांना असं पाहिलं होतं का?

निळी_खिडकी
+१. ‘पाहू’ हे आम्ही सगळ्यांनी फार ऐकलंय.

सातनवरी
+१ निम्मी रोजीही नको.

गांधीबागवाला
काहून मारता बाप्पा सगळे मिळून. बरं. पहिल्या दिवसापासून रोजी देतो, बाकी पोरांच्या हिशेबानं, तासावर. खूश?

गोळीनंतरचा_चहा
खूश. व्यनि (खासगी निरोप) करतो. पहिले पंधरा दिवस मी दिवसाआड अर्धा तास येऊन जाईन, चालेल ना? आणि त्याला काम सांगताना एका वेळी एकच सांगा, लिहून. पोरांना एकच सांगा की हा अकाउंटचा माणूस आहे.

रानजाई (तीन आठवड्यांनी)
उशिरा लिहितेय, माफी.

पहिल्या दिवशी तो दुकानापर्यंत गेलाच नाही. गांधीबागेच्या बागेत बसून राहिला आणि बसनं घरी आला. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. तिसऱ्या दिवशी समाजसेवक दादा होते. चौथ्या दिवशी एकटा गेला, साडेअकराऐवजी साडेबाराला. आता साडेअकरा ते चार. पेन्शन कधी घेतलीच नव्हती, त्यामुळे तहसीलचा प्रश्न आला नाही.

सगळं गोड नाही. एका सेल्समननं त्याच्या पुटपुटण्याची नक्कल केली. भाऊ दोन दिवस जेवला नाही, मला वाटलं संपलं. मालकांनी त्या पोराला काय सांगितलं माहीत नाही, पण नक्कल थांबली. त्या दोघांत बोलणं अजून नाही.

गांधीबागवाला
मी काही मोठं सांगितलं नाही. म्हटलं, तुला त्याचं काम देऊ का? गप बसला.

मिसेस_हिंगणा
रोज हा धागा उघडून पाहते हो मी.

गांधीबागवाला (दोन महिन्यांनी)
तक्रार लिहायला आलो. पोरगं दोन दिवस तापानं आलं नाही. त्याच दिवशी एका कंपनीचा माणूस क्लेम न्यायला हजर. याद्या कोणत्या कप्प्यात, लाल फीत म्हणजे काय अन् हिरवी म्हणजे काय, कोणालाच माहीत नाही. तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यानं झोपेतून सांगितलं, “खालून दुसरा, मागची बाजू.” बरोब्बर तिथंच होती. मी म्हटलं, हे सगळं डोक्यात ठेवू नको, रजिस्टर कर. तर म्हणतो, रजिस्टर आहे, तुम्ही कधी उघडलं नाही.

सातनवरी, त्या खोलीत लाकडी रॅक करायचे आहेत, पंधरा फूट. मामेभाऊ आहे का? रोजी पूर्ण.

सातनवरी
भाऊ, तो दिवाळीआधीच रायपूरला गेला. विचारून पाहतो, पण येईल असं वाटत नाही. तिथं त्याला कुणी ओळखत नाही, तेच त्याला बरं वाटतं.

निळी_खिडकी
गांधीबागवाले, टॅलीवाली पाहिजे असेल तर मी पण आहे. संडासाची एक मीटिंग चालेल, चार नाही.

गांधीबागवाला
दुकानात एकच संडास आहे बाई, सगळ्यांना तोच. दरवाज्याची कडी खराब आहे, ती आधी लावून घेतो. शनिवारी या.

रानजाई
इथंच विचारते. भाऊ म्हणतो पगार वाढवून मागायचा आहे. क्लेमचे किती पैसे परत आले त्याची त्यानं मार्चपासूनची बेरीज काढून ठेवलीय. मालकांना कसं सांगावं? वाईट दिसेल का?

गांधीबागवाला
ताई, मी हा धागा वाचतो.